चक्कर येऊ नये म्हणून

थेल्मा ब्लँशर्डने पिशवीतली औषधांची खोकी एकेक करून बाहेर काढली आणि टेबलावर ओळीने मांडली. प्रत्येक खोक्यावरचं नाव समोरच्या बाजूला, अक्षरं सुलटी. चौदावं खोकं ठेवल्यावर तिने तर्जनीने ओळ सरळ केली, हातमोजे काढून एकावर एक ठेवले, आणि मग कुठे टेबलापलीकडच्या मुलीकडे नजर टाकली. इस्पितळात सिस्टर असताना, धुवून आलेल्या चादरीवर डाग राहिला की वॉर्डात ती असंच पाहायची.

"डॉक्टर कुठे आहेत?"

"डॉक्टर रटलेज पेशंट तपासतायत, मिसेस ब्लँशर्ड. औषधांचा आढावा मी घेते. मी इथली फार्मासिस्ट. कर्स्टी लॅडलो."

"म्हणजे औषधांच्या दुकानातली."

"दुकानातली नाही. या दवाखान्यातलीच."

"पूर्वी तुम्ही लोक गल्ल्यामागे उभे असायचात. आता खुर्ची मिळाली, एवढाच काय तो फरक."

कर्स्टीने हसून मान डोलावली. या खुर्चीत बसून तिला दोन वर्षं झाली होती, आणि असली वाक्यं तिला रोजची होती. ग्रिम्स्बी बंदरातल्या म्हाताऱ्यांना डॉक्टर हवा असायचा. डॉक्टर झोपेत असला तरी चालायचा, पण डॉक्टरच.

भिंतीकडच्या खुर्चीत गॉर्डन बसला होता. मान पुढे झुकलेली, दोन्ही हात मांड्यांवर, आणि दोन्ही अंगठे बोटांवर सारखे फिरत असलेले, जणू तो न दिसणारा दोरा वळत होता. त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळली. थेल्माने त्याच्याकडे न बघताच हात लांब करून ती टिपली. खिडकीची काच पुसावी तशी.

"लॅडलो," ती म्हणाली. "पॅम लॅडलोची मुलगी का तू? वॉर्ड चारला फरशी पुसायची ती?"

"हो."

"कोपरे सोडायची."

कर्स्टीने पेन उचललं, पुन्हा ठेवलं. आई घरी सांगायची: सिस्टर ब्लँशर्ड पांढरा रुमाल घेऊन पलंगाखाली हात घालायच्या आणि नंतर तो रुमाल सगळ्या वॉर्डसमोर तिच्या नाकापुढे धरायच्या. आई ते हसत हसत सांगायची. पण पुढे मासे गोठवायच्या कारखान्यात पट्ट्यावर उभं राहावं लागलं तरी तिला ते बरं वाटलं होतं.

"मिस्टर ब्लँशर्ड," कर्स्टी गॉर्डनकडे वळून म्हणाली, "कसं वाटतंय तुम्हाला हल्ली?"

"त्याला बरं वाटतंय," थेल्मा म्हणाली.

"झोप लागते का तुम्हाला?"

"लागते. नऊ ते सहा. मधे एकदा मी उठवते."

"मी त्यांना विचारत होते."

"विचार की. उत्तर यायला पाऊण तास लागेल. तोवर मी दुकानातून ब्रेड घेऊन येते."

गॉर्डनने मान वर केली नाही. चौतीस वर्षं हा माणूस मासळीच्या धक्क्यावर लिलाव पुकारत होता. पहाटेच्या थंडीत दोनशे पेट्यांच्या पलीकडे उभ्या असलेल्या बहिऱ्यालाही त्याची बोली कळायची, असं लोक म्हणायचे. कर्स्टीने लहानपणी जत्रेत त्याला ऐकलं होतं. माणसांच्या नकला करून तो सगळा तंबू हसवायचा. आता त्याचा आवाज ऐकायला कान ओठांपाशी न्यावा लागत होता.

तिने त्याला खोलीभर चालायला सांगितलं. थेल्माने त्याला काखेत हात घालून उभं केलं, एखादं जड कपाट सरकवावं तसं, आणि सोडलं. तो चालला. पावलं फरफटत, इंच इंच. दोन्ही हात अंगाला चिकटलेले, दोन्ही सारखेच ताठ. वळताना त्याला सात पावलं लागली.

कर्स्टीने खोक्यांच्या रांगेतलं आठवं खोकं उचललं.

"ही चकरेवरची गोळी. दिवसातून तीनदा. केव्हापासून घेतात?"

"नऊ वर्षं."

"कशासाठी सुरू केली होती, आठवतं?"

"चक्कर यायची म्हणून. चकरेवरची गोळी आणखी कशासाठी देतात?"

"आता येते चक्कर?"

"नाही. कारण तो गोळी घेतो." थेल्माने खोकं तिच्या हातातून काढून घेतलं आणि रांगेत होतं तिथे ठेवलं. "पोरी, तू ज्यातून शिकलीस त्या पुस्तकांच्या आधीपासून मी गोळ्या देतेय. पुढचं विचार."

ती दोघं गेल्यावर कर्स्टीने संगणकावर जुन्या नोंदी उघडल्या. नऊ वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात गॉर्डनला चक्कर आली होती. तेव्हा दवाखान्यात असलेल्या दुसऱ्या एका डॉक्टरने लिहिलं होतं, दोन आठवडे द्यावी. पुढच्या वर्षी जानेवारीत पहिल्यांदा 'हात थरथरतात' अशी नोंद होती. त्यानंतर स्पेशालिस्ट, कंपवाताचं निदान, कंपवाताच्या गोळ्या, त्या गोळ्यांनी पोट बिघडलं म्हणून पोटाच्या, त्यांनी रक्तदाब उतरला म्हणून आणखी एक. गोळीमागे गोळी, जशी एका मेंढरामागे दुसरं. दोनदा कोणीतरी शहाण्याने चकरेवरची गोळी थांबवायचा प्रयत्न केला होता. दोन्ही वेळा आठवड्याच्या आत फोनची नोंद होती: 'पत्नी सांगतात की चक्कर परत सुरू झाली. गोळी चालू ठेवण्याची विनंती. पत्नी निवृत्त सिस्टर.' त्या शेवटच्या तीन शब्दांपुढे कोणी काही विचारलं नव्हतं.

माणसाचे हात थरथरायला लावणाऱ्या गोळ्या असतात. ही त्यांतलीच एक होती. कुठल्याही फार्मासिस्टला हे दुसऱ्या वर्षी शिकवतात.

डॉक्टर रटलेज मधल्या सुट्टीत चहात बिस्कीट बुडवून खात होते. कर्स्टीने छापलेला कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो बशीने बाजूला सारला.

"कर्स्टी, तो माणूस आठ वर्षं स्पेशालिस्टकडे जातोय. आता गोळ्या मोजणाऱ्यांनी मेंदूचे विकारही ओळखायचे का?"

"मी ओळखत नाहीये. मी विचारतेय."

"काय?"

"चकरेची गोळी आधी आणि थरथर नंतर, हे कोणी पाहिलंय का."

डॉक्टरांनी बिस्किटाचा तुकडा चहात पडू दिला आणि चमच्याने शोधत राहिले. शेवटी कागद ओढून घेतला, वाचला, आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. दुसऱ्या वेळी गोळी पुन्हा सुरू करायची सही त्यांचीच होती.

"स्पेशालिस्टला पत्र लिही. सही मी करतो," ते म्हणाले. "आणि थेल्मा ब्लँशर्डशी तूच बोल. बारा वर्षांत त्या बाईने मला एक वाक्य पूर्ण करू दिलेलं नाही."

स्पेशालिस्टचं उत्तर दहा दिवसांनी आलं. चार ओळी. गोळी हळूहळू बंद करावी, सहा महिने वाट पाहावी, कंपवाताच्या गोळ्या नंतर कमी करू. शेवटची ओळ थोडी तुसडी होती: हे औषध माझ्याकडच्या यादीत कधीच नव्हतं, यादी पत्नीने स्वतः लिहून आणली होती. सोबत त्या यादीची प्रत जोडली होती. सुवाच्य, तिरकं अक्षर, खाली दोन रेघा. कर्स्टीने औषधं मोजली. एक कमी होतं. इतक्या गोळ्यांत एखादी सुटायचीच, असं तिला वाटलं, आणि तिला त्या विचाराने थोडं समाधानही झालं. कोपरे सिस्टरही सोडत होत्या तर.

फोनवर थेल्माने तिचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं,

"हे डॉक्टरांचं म्हणणं आहे की तुझं?"

"दोघांचं. स्पेशालिस्टचंही."

"लेखी पाठव."

कर्स्टीने लेखी पाठवलं. दोन आठवडे दिवसाला दोन, पुढचे दोन आठवडे एक, मग बंद. लेखी हुकूम थेल्माने आयुष्यात कधी मोडला नव्हता. तिने खणांच्या डबीतली गोळी ठरल्या दिवशी कमी केली. पण फोन दर आठवड्याला केला. चक्कर येतेय. सकाळी न्हाणीघरात. काल जेवताना. रिसेप्शनवरची मुलगी तिचा नंबर दिसला की डोळे फिरवायची आणि कर्स्टीकडे फोन जोडून द्यायची. डॉक्टर रटलेज दारातून डोकावून म्हणाले, "झेपत नसेल तर पुन्हा सुरू करून टाक. म्हाताऱ्याचे किती दिवस राहिलेत?"

पाचव्या आठवड्यात कर्स्टी जेवणाच्या सुट्टीत ब्लँशर्डांच्या घरी गेली.

घर इतकं स्वच्छ होतं की बसावं कुठे असा प्रश्न पडावा. गॉर्डन खिडकीकडे तोंड करून खुर्चीत होता. गुडघ्यांवर चौकड्यांची शाल, शेजारी तिपाईवर चोच असलेल्या प्लास्टिकच्या पेल्यात चहा. टीव्ही बंद. रेडिओ नाही. भिंतीवरच्या घड्याळाला ठोकेही नव्हते.

"सकाळपासून तीनदा आली," थेल्मा म्हणाली. "लिहून घे."

कर्स्टी गॉर्डनच्या पुढ्यात जमिनीवर उकिडवी बसली, म्हणजे त्याला मान वर करावी लागू नये.

"मिस्टर ब्लँशर्ड, आज चक्कर आली का तुम्हाला?"

"आत्ता सांगितलं ना मी."

कर्स्टीने मागे न बघता पंजा वर केला. "उत्तर त्यांना देऊ द्या."

आयुष्यात थेल्मा ब्लँशर्डपुढे कोणी असा पंजा धरला नव्हता. कर्स्टी मनातल्या मनात आकडे मोजत राहिली. वीस. तीस. गॉर्डनचे अंगठे फिरत होते, पण आधीपेक्षा सावकाश. पन्नासच्या पुढे त्याचे ओठ हलले.

"नाही."

"एकदाही नाही?"

"नाही." मग श्वास घेऊन, जणू पुढचं वाक्य त्याला तळघरातून वर आणायचं होतं, "चहा... गार. नेहमी... गार."

कर्स्टीला हसू आवरेना. तिने त्याच्या हातावर थोपटलं. थेल्माने पुढे होऊन पेला उचलला आणि स्वयंपाकघरात नेला. नळ बराच वेळ वाहत राहिला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात उरलेली दोन खोकी होती.

"घेऊन जा. मोजून घे. मोजणं तुला जमतं."

एप्रिलमध्ये गॉर्डन स्वतः कोटाची बटणं लावू लागला. मेमध्ये अंगठे थांबले. जूनच्या अखेरीला तो एकटा धक्क्यापर्यंत चालत गेला आणि तिथल्या कँटीनमध्ये जुन्या दोस्तांपुढे उभा राहिला, तेव्हा त्यांतल्या एकाला रडू आलं. स्पेशालिस्टने कंपवाताची एक गोळी काढली, मग दुसरी. चौदा खोक्यांची पाच झाली. दवाखान्याच्या त्रैमासिक बैठकीत डॉक्टर रटलेज यांनी हे प्रकरण 'आमच्या पथकाचं यश' म्हणून सांगितलं आणि कर्स्टीचं नाव घ्यायला विसरले. नंतर ब्लँशर्ड दांपत्याला माफीचं पत्र गेलं. त्यात 'दुर्दैवाने' हा शब्द चार वेळा होता आणि चूक कोणाची ते एकदाही नव्हतं.

रस्त्यात लोक कर्स्टीला थांबवून सांगायचे. अगं, गॉर्डन परत आला! कर्स्टीची आई तर कारखान्यातल्या बायकांना जेवणाच्या सुट्टीत सांगत सुटली होती: माझ्या पोरीने बरं केलं त्याला, त्या रुमालवालीच्या नाकावर टिच्चून.

सप्टेंबरात चर्चच्या हॉलमध्ये समुद्रात बुडालेल्या खलाशांच्या कुटुंबांसाठी निधीचा कार्यक्रम होता. शेवटी मासळीच्या दहा पेट्यांचा लिलाव, आणि पुकारायला गॉर्डन ब्लँशर्ड. तो मंचावर चढला तेव्हा लोक उभे राहिले. कर्स्टी आईबरोबर मागच्या बाकावर होती. तो बारीक झाला होता, खांदे उतरले होते. पण त्याने तोंड उघडलं आणि हॉलच्या काचा हादरल्या.

"हॅडक! आज सकाळचा हॅडक! याला अजून कळलेलं नाही की तो मेलाय! बोला!"

लोक बोलले. लोक हसले. हॅडकचे भाव कॉडच्या वर गेले. तो प्रत्येकाला ओळखत होता; कोणाचं टक्कल, कोणाची तिसरी बायको, कोणाची न फिटलेली पैज. कोणी रागावत नव्हतं. शेवटची पेटी गेल्यावर त्याने हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

"थांबा, थांबा. आणखी एक माल राहिलाय." त्याने दुसऱ्या रांगेकडे बोट केलं. "एक वॉर्ड सिस्टर! वय अठ्ठ्याहत्तर! खळ अजून उतरलेली नाही! मासा ताजा की शिळा ते डोळ्यांवरून ओळखावं म्हणतात. बघून घ्या डोळे! जानेवारीपासून बर्फात ठेवल्यासारखे! पाच पौंड? तीन? एक? कोणीच नाही?" तो थांबला. कुठे थांबायचं ते त्याच्याइतकं कोणाला कळत नव्हतं. "वाईट वाटून घेऊ नका. पंचावन्न वर्षांपूर्वी मी घेतली तेव्हाही दुसरी बोली आली नव्हती!"

हॉल हशाने दणाणला. पॅम लॅडलोने डोळ्यांतलं पाणी पुसलं. कर्स्टीही हसत होती, आणि हसता हसता तिचं लक्ष दुसऱ्या रांगेकडे गेलं. थेल्मा ताठ बसली होती. पर्स मांडीवर, पर्सवर दोन्ही हात. शेजारची बाई हसत तिच्या दंडावर चापट्या मारत होती. थेल्माने मान वळवली नाही. हे वाक्य ती पहिल्यांदा ऐकत नव्हती, एवढं तिच्या पाठीवरूनही कळत होतं.

"तो पहिल्यापासून असाच," पॅम म्हणाली. "दर ख्रिसमसला क्लबात तिला विकायचा. मजा यायची."

ऑक्टोबरात सहामाही आढाव्याला थेल्मा एकटीच आली. पाच खोकी तिने टेबलावर मांडली, आधीसारखीच.

"मिस्टर ब्लँशर्ड?"

"धक्क्यावर. तुला लागतो का तो? खोकी ही आहेत."

"कसे आहेत ते?"

"बोलतो."

कर्स्टीने रक्तदाबाचे आकडे विचारले, थेल्माने वहीतून वाचून दाखवले. सगळं ठीक होतं. काम सात मिनिटांत संपलं, आणि नेमून दिलेली पंधरा होती. कर्स्टीने खुर्ची थोडी पुढे ओढली. या भेटीत काय बोलायचं ते तिने सकाळी गाडीतच ठरवलं होतं.

"मिसेस ब्लँशर्ड, नऊ वर्षं तुमची गेली. दवाखान्याच्या वतीने मला पुन्हा एकदा..."

"दवाखान्याची माफी पोस्टाने आली. दोन स्वल्पविराम चुकलेत."

"मला एवढंच म्हणायचंय, की तुम्ही स्वतःला दोष लावून घेऊ नका."

"मी लावून घेतेय असं कोण म्हणालं?"

"कोणी नाही. पण घरच्या माणसाला वाटत राहतं." कर्स्टीचा आवाज मऊ झाला. "तुम्ही सर्जिकल वॉर्डच्या. टाके, जखमा, ते तुमचं क्षेत्र. आणि तुमच्या काळात नर्सना औषधांचं एवढं शिकवत नसत. तुम्हाला कसं कळणार होतं? तुम्ही आपली दिलेली गोळी देत गेलात."

तिच्या बोलण्यात साखर होती, आणि ती साखर तिची तिलाही गोड लागली.

थेल्मा खोकी पिशवीत भरत होती. तिसरं खोकं तिच्या हातात थांबलं.

"सर्जिकल नंतर," ती म्हणाली. "आधी अकरा वर्षं ब्रॅम्बी हॉल."

"म्हणजे ते जुनं..."

"वेड्यांचं इस्पितळ. तेव्हा तसंच म्हणायचे. पुरुषांचा मागचा वॉर्ड. साठ खाटा, आणि साठातले पन्नास त्या चकरेवरच्या गोळीच्याच जातीच्या गोळ्यांवर." तिने खोकं खाली ठेवलं. तिच्या गालांवर रंग चढला होता. कर्स्टीने तो पहिल्यांदाच पाहिला. "मी कॉरिडॉरच्या टोकाला पाठमोरी उभी राहून नुसत्या फरफटणाऱ्या सपातांच्या आवाजावरून सांगायची, कोणाची गोळी कमी करायला हवी. डॉक्टर येऊन मला विचारायचे, सिस्टर, आज कोण? मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते. आणि तू, पॅम लॅडलोची मुलगी, त्या खुर्चीत बसून मला सांगतेस की मला कळलं नसेल?"

बाहेर रिसेप्शनवर कोणीतरी खोकलं. कोणाचं तरी नाव पुकारलं गेलं.

"मिस्टर ब्लँशर्डांची चाल," कर्स्टी म्हणाली. "ती तुमच्या केव्हा..."

"पहिल्याच हिवाळ्यात. जिन्यावर." रुग्णाचं तापमान सांगावं तशी थेल्मा म्हणाली. "मी खाली स्वयंपाकघरात होते. तो वरून उतरत होता."

"आणि तुम्ही फोन केलेत. चक्कर येते म्हणून. दोनदा."

"एकही गोळी चिठ्ठीबाहेर दिलेली नाही. तुम्ही लिहीत गेलात, मी देत गेले. हवं तर मोजून बघ."

कर्स्टीचे हात टेबलाच्या कडेवर होते. समोरच्या बाईच्या चेहऱ्यावर भीती शोधावी असं तिला वाटलं. भीती तिथे नव्हती. तिथे फक्त तो जुना तिटकारा होता, अर्धवट पुसलेल्या फरशीकडे पाहतानाचा.

"मला हे नोंदवावं लागेल, मिसेस ब्लँशर्ड. आणि पुढे सांगावं लागेल. डॉक्टरांना. आणि मिस्टर ब्लँशर्डांनाही."

"मग नोंदव. बघत काय बसलीस?"

कर्स्टीने कळफलक पुढे ओढला. एक शब्द दोनदा खोडावा लागला. थेल्मा उठली, टेबलाला वळसा घालून तिच्या पाठीमागे येऊन उभी राहिली आणि पर्समधून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. तिच्या कोटाला कापराचा वास होता.

"'ब्रॅम्बी'त एम एकच."

कर्स्टीने एक एम काढला.

"'कळलं असावं' नाही," थेल्मा म्हणाली. पडद्यावर टेकलेलं तिचं बोट स्थिर होतं. "'कळलं होतं.'"

कर्स्टीने ते बदललं.

"आता वेळ घाल. वेळ नसलेली नोंद म्हणजे नुसत्या गप्पा."

कर्स्टीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दहा वाजून सतरा मिनिटं झाली होती. तिने तेवढंच लिहिलं.